गोलात मीच असतो

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात बसणाऱ्या त्रिशला मगदूम बाई खोटं बोलत नाहीत, हे शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांना काही विचारायचं झालं की माणूस आधी दहादा विचार करायचा.

त्याचं असं झालं होतं. बाई मूळच्या पेठ वडगावच्या. लहानपणी शेजारच्या झाडाची कैरी खाऊन, ओठाला तिखटमीठ तसंच असताना त्यांनी "मी न्हाय खाल्ली" म्हणून सांगितलं. वडील जिनपाल यांनी पोरीला उचललं आणि चातुर्मासाला आलेल्या जैन मुनिमहाराजांपुढं नेऊन बसवलं. महाराजांनी नियम दिला: खोटं बोलायचं नाही. पोरीनं मान डोलावली. हा नियम जन्मभराचा आहे हे तिला घरी येताना वाटेत कळलं आणि तिनं भर बाजारात भोकाड पसरलं. तेव्हा वडिलांनाच दया आली. ते म्हणाले, "अगं, खोटं बोलायचं न्हाय, एवढंच. सगळं बोलायचं असं महाराज कुठं म्हणल्यात?"

या एका वाक्यावर बाईंनी पुढचं आयुष्य काढलं. शेजारणीनं नवी साडी दाखवली की त्या म्हणायच्या, "लांबनं बी उठून दिसती की." साहेबांनी भाषण कसं झालं म्हणून विचारलं की, "सर, आज माईक लई चांगला हुता." ऐकणारा खूश, नियम शाबूत. निवृत्तीला आता थोडाच काळ उरला होता आणि या सगळ्या वर्षांत बाईंच्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नव्हता. आता त्यांच्यामुळं कितीजणांचा किती गैरसमज झाला, ते वेगळं. त्याचा नियम कुणी दिला नव्हता.

त्यांच्या कक्षाचं काम तसं सोपं. वर्षातनं एकदा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवायचा. माणसं यायची, फेटे बांधून घ्यायची, आम्ही कसे खेळलो आणि आता पूर्वीसारखं कसं राहिलं नाही हे सांगायची, तांबडा-पांढरा ओरपायची आणि ढेकर देत घरी जायची. यंदा वरून फर्मान आलं की माजी विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांच्या खेळांच्या क्लबांना हातभार लावावा असं आवाहन करा. जनसंपर्कवाल्यांनी 'मातृसंस्थेच्या ऋणातून उतराई' वगैरे शब्द घालून मजकूर लिहिला. तो व्हॉट्सअॅपवर गेला. उत्तरादाखल जोडलेले हात आले, फुलं आली, एकानं चुकून श्रद्धांजलीसुद्धा वाहिली. मदत कुणाचीच आली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अनुजा कक्षात आली. अनुजा आजऱ्याची, आई काजूच्या कारखान्यात. इथं होस्टेलवर राहून शिकत होती आणि मुलींच्या फुटबॉल क्लबची कॅप्टन होती. मुलांच्या संघाला विद्यापीठ सगळं पुरवायचं. मुलींचा क्लब म्हणजे पोरींनी पोरींच्या हौसेवर चालवलेला. कोच नाही, गाडी नाही. सामन्याला जायचं तर वडापच्या जीपमध्ये एकीच्या मांडीवर दुसरी. अंगातले शर्ट मुलांनी टाकून दिलेले.

"मॅडम, क्रीडा संचालक सर म्हणल्यात, दिवाळीपातूर कोच न्हाय मिळाला तर मैदानावरचा संध्याकाळचा तास क्रिकेटवाल्यांना देणार. मग आमी खेळायचं कुठं? क्लब मोडला की हो." एवढं बोलून तिचा आवाज चिरकला. तो आधीच बसला होता. सर्दी होती, शिवाय गोलात उभं राहून सगळ्या संघाला ओरडून सांगायचं कामही तिचंच होतं. "एकदा फोन तर करून बघा कुणाला. मी पाया पडतो."

'पाया पडतो.' आता बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. कोल्हापूरकडं बाई स्वतःविषयी बोलताना 'मी आलो, मी जेवलो, मी चाललो' असंच म्हणते. पुण्याची सून नवीन आली की पहिला आठवडा तिला घरात पुरुषच पुरुष आहेत असं वाटत राहतं. इथल्या माणसाच्या मात्र ते कानावरूनही जात नाही. माशाला पाणी दिसत नाही, तसं.

बाईंनी पोरीचे भरलेले डोळे बघितले. त्यांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग त्या कॅलेंडरकडं बघत विचार करायला लागल्या.

कोल्हापूरच्या माणसाकडं काही मागायचं असेल तर ऋण, उतराई, मातृसंस्था यांनी भागत नाही. इथं एकच औषध लागू पडतं, ते म्हणजे ईर्षा. आणि ईर्षेची दोन खणखणीत माणसं बाईंना तोंडपाठ होती. पिंपळकट्ट्याचे हंबीरराव इंगवले आणि जुन्या हौदाचे गुंडूअण्णा साळोखे. पिंपळकट्टा आणि जुना हौद या शहरातल्या दोन तालमी, आणि दोन्ही तालमींचे फुटबॉल संघ. पिंपळकट्ट्याचा रंग आकाशी, हौदाचा पिवळा. हे दोघं विद्यापीठात एकाच संघातून खेळलेले. एका अंतिम सामन्यात गुंडूअण्णांपुढं तिघे आडवे आले, हंबीरराव गोलापुढं मोकळे उभे होते, हात वर करून बोंबलत होते. पण पिंपळकट्ट्याच्या माणसाला गुंडूअण्णांनी बॉल काही दिला नाही. विद्यापीठ हरलं ते चाललं, हौदाची अब्रू राहिली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आज हंबीररावांच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या होत्या, गुंडूअण्णांची शिरोलीला फौंड्री होती, आणि अबोला अजून शिल्लक होता.

बाईंनी पहिला फोन हंबीररावांना लावला.

"एका कामासाठी म्हणून लावलो हुतो. फुटबॉल क्लबला कोच पायजे वर्षभर, आणि सामन्याला न्यायला गाडी." इथं बाई थांबल्या. सुस्कारा सोडला. "पण राहू दे. तुमाला न्हाय जमायचं."

पलीकडं काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. "काय न्हाय जमायचं?"

"असू दे हो. मी गुंडूअण्णांना विचारीन म्हणतो."

हे शंभर टक्के खरं होतं. त्या विचारणारच होत्या.

"त्या गुंड्याला? त्याच्या बापाला तरी जमंल का? बाई, कोच माझा, गाडी माझी! उद्घाटन ठेवा, त्या दिवशी कोचला गाडीत बसवून मी स्वतः मैदानावर उतरवतो. बोला, पोरं कशी हायत?"

मराठी भाषेनं मोठी दूरदृष्टी ठेवून 'पोर' हा शब्द नपुंसकलिंगी ठेवलाय. त्यात मुलगा मावतो तशी मुलगीही मावते. "पोरं लई गुणाची हायत," बाई म्हणाल्या. "टीम तर अशी पळती, अशी भिडती, नुसती वाघीण." टीम मराठीत बाईमाणूसच असते, त्यामुळं तिला वाघीण म्हटलेलं कुणाला खटकायचं कारण नव्हतं.

"कॅप्टनला द्या जरा फोन," हंबीरराव म्हणाले.

हे बाईंनी धरलं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? कॅप्टन तर समोरच बसली होती. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला आणि डोळे मिटून नवकार मंत्र सुरू केला.

"नमस्कार मामा," अनुजा बसक्या आवाजात म्हणाली. "व्हय, मीच कॅप्टन. मी आजऱ्याहून आलोय. सकाळी पळतो, संध्याकाळी सराव करतो. गोलात मीच असतो."

"वा रे पठ्ठ्या! पेनल्टी अडवतोस का?"

"हात लागला तर सोडत न्हाय, मामा."

"आवाज कसला घुमतोय बघ! नाद खुळा!" तेवढ्यात हंबीररावांच्या मागून एक बायकी आवाज ऐकू आला. "पप्पा, मी निघालो जेवायला." बाईंनी डोळे उघडले. संपलं. आता याच्या डोक्यात उजेड पडणार. पण हंबीरराव "जा गं, जा," म्हणाले आणि पुन्हा फोनमध्ये गरजले, "जेवतोस का न्हाय नीट? दूध पीत जा!"

ती हंबीररावांची मुलगी, याच विद्यापीठात शिकलेली संयोगिता होती. ट्रॅव्हल्सचा सगळा कारभार तीच बघायची. बापाचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि जेवायला निघालेली संयोगिता दारातच थबकून हसत उभी राहिली होती, हे बाईंना फार उशिरा कळलं.

फोन ठेवण्याआधी बाईंनी हळूच एक मागणी केली. "तुमच्या आकाशी रंगाचा एक शर्ट बी पाठवा. एकच."

"एकच? सगळ्यांना देतो की!"

"एकच पायजे. पण चांगला द्या. महत्त्वाच्या माणसाला हाय."

मग गुंडूअण्णांची पाळी. "अण्णा, कोच आणि गाडी हंबीररावांनी घेतली अंगावर. आता नुसते शर्ट, बूट आणि गोलच्या जाळ्या राहिल्यात. पण राहू दे, तुमाला—"

"थांबा!" अण्णा कडाडले. "अंगावर काय असतंय? शर्ट! लोकांना काय दिसतंय? शर्ट! गाडी कोण बघतंय? पिवळे शर्ट घाला सगळ्यांना. मापं सांगा."

"मापं जरा लहानच घ्या."

"का, पोरं बारीक हायत?"

"चपळ हायत."

दिवाळीच्या आत उद्घाटनाचा सामना ठरला. वारणानगरच्या कॉलेजचा संघ बोलावला. संध्याकाळी पिंपळकट्टा एका बाजूनं हलगी वाजवत आला, हौद दुसऱ्या बाजूनं. दोन्हीकडं फेटे, मध्ये मैदान. आकाशी पट्टे ओढलेल्या गाडीतून हंबीरराव आणि त्यांनी आणलेले कोच विश्वजित सर उतरले. गाडी संयोगितानंच चालवत आणली होती. क्रीडा संचालक हार घेऊन सगळ्यांत पुढं. दोन तालमींची एवढी माणसं एकदम बघून त्यांना क्रिकेट हा खेळ असतो हेच आठवेना.

आणि कपडे बदलायच्या खोल्यांमधून संघ बाहेर आला. दहाजणी पिवळ्या शर्टात. मागोमाग वारणानगरच्या मुली.

हलगी थांबली.

"पोरं कुठं हायत?" हंबीररावांनी विचारलं.

"ही काय," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"ह्या पोरी हायत!"

"मग पोरी म्हणजे पोरं न्हवं व्हय?"

हंबीररावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पिवळे शर्ट बघून त्याहून लाल झाला. "माझा कोच, माझी गाडी, आणि अंगात हौदाचा रंग? तेबी पोरींच्या? विश्वजित, चला गाडीत!"

बाईंनी मैदानाकडं बघितलं. समोर त्या पोरी उभ्या होत्या, नव्या बुटांत, केस घट्ट बांधून, आणि तोंडं रडवेली. गाडी वळली की क्लब संपला. पण घाबरून भागणार नव्हतं. बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जावा की. गुंडूअण्णा थांबल्यात तोवर."

हंबीररावांचा पाय पायरीवरच राहिला. त्यांनी वळून बघितलं. पलीकडं गुंडूअण्णासुद्धा शर्ट परत घ्यायला निघालेच होते. बाई पदर खोचून मैदान ओलांडून तिकडं पोचल्या. "निघालात, अण्णा? बरं बरं. हंबीरराव हायत अजून."

झालं. आता आधी कोण निघणार? जो आधी निघेल तो पळाला, असं पुढची सगळी वर्षं रंकाळ्यावर, मिसळीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागणार. दोघंही कंबरेवर हात ठेवून एकमेकांकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली.

आणि मग अनुजा खोलीतून बाहेर आली आणि गोलात जाऊन उभी राहिली. अंगात आकाशी शर्ट. गोलकीपरचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा पाहिजे, हा फुटबॉलचा नियम. बाईंनी तो एका पुस्तकात वाचून ठेवला होता.

"आरं, आपला रंग!" पिंपळकट्ट्यातून कुणीतरी ओरडलं, आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर त्या मैदानावर जे झालं ते फुटबॉलच्या इतिहासात कुठं झालं नसेल. पिंपळकट्टा आपल्याच विद्यापीठाच्या गोलावर बॉल यावा म्हणून नवस बोलायला लागला. बॉल आला तरच आकाशी रंगाची करामत दिसणार! वारणानगरची पोरगी बॉल घेऊन सुटली की हे ओरडायचे, "ये, ये, इकडं ये!" आणि हौदाची माणसं घसा फोडून सांगायची, "अडवा! त्या गोलीपर्यंत जाऊ देऊ नका, तिला बॉलला हातच लावायला मिळू नये!" त्यामुळं पिवळ्या पोरी जीव तोडून अडवायला लागल्या, आणि जे सुटलं ते अनुजानं उड्या मारून धरलं. एवढी चिवट बचावफळी विद्यापीठाला कधी मिळाली नव्हती, आणि ती दुश्मनीतून मिळाली होती.

उत्तरार्धात पिवळ्या शर्टाच्या पोरीनं वारणानगरच्या एकीला गोलापुढंच पाडलं. पेनल्टी. पिंपळकट्ट्यानं आपल्याच संघाविरुद्धच्या पेनल्टीला फेटे उडवले. अनुजा रेषेवर उभी राहिली, हातावर थुंकली, आणि उजवीकडं झेपावली. बॉल तिच्या पंज्याला लागून खांबाबाहेर गेला.

"शाब्बास!" सगळ्यांत मोठी आरोळी गुंडूअण्णांची होती. टाळी वाजवायला हात वर गेले, मग अण्णांना शर्टाचा रंग दिसला. हात हवेत तसेच राहिले. क्षणभर ते घुटमळले आणि मग "मरू दे तिकडं," म्हणून त्यांनी ती टाळी वाजवली.

सामना बरोबरीत सुटला. संचालकांनी माईकवरून जाहीर केलं की संध्याकाळचा तास मुलींच्या क्लबचाच आहे आणि कायम होता. खोटं न बोलण्याचा नियम त्यांनी घेतलेला नव्हता.

गर्दी पांगल्यावर हंबीरराव त्रिशलाबाईंपुढं येऊन उभे राहिले. "बाई, तुमी खोटं बोलत न्हाय असं ऐकलंतं. मला फसवलासा."

"कुठला शब्द खोटा, सांगा."

हंबीररावांनी बोटांवर मोजत आठवलं. पोरं गुणाची. खरं. टीम वाघीण. खरं. महत्त्वाच्या माणसाला एक शर्ट. तेही खरं. मग त्यांना सापडलं. "ती पोरगी! ती म्हणली मला, 'पळतो', 'करतो', 'गोलात मीच असतो.' असं बोलल्यावर मी काय समजायचं?"

"पप्पा," मागून संयोगिता म्हणाली. गाडीला टेकून ती कधीची ऐकत होती. "मी घरात कसं बोलतो?"

हंबीररावांनी वळून तिच्याकडं बघितलं.

"त्या दिवशी फोनवरच वळकलं हुतं मी, पोरगी हाय ते. गप बसलो. तुमी तिला दूध पी म्हणला, पेनल्टी अडवतोस का इचारलं. बरं वाटलं ऐकून." ती हसतच बोलत होती, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "शाळेत हँडबॉलच्या टीमला गोलात मीच असायचो, पप्पा. तुमी कवा इचारलंच न्हाय. पिंपळकट्ट्याची मॅच असायची तुमची, दर खेपेला."

हंबीररावांनी केविलवाण्या नजरेनं बाईंकडं बघितलं. "बाई, हिला... आता जमंल का हो? घरसंसार झालाय, पोरं झाल्यात."

बाईंनी संयोगिताकडं बघितलं. तिचे खांदे बघितले, बापावर गेलेली हनुवटी बघितली, रिकाम्या गोलाकडं पुन्हा पुन्हा जाणारी नजर बघितली. उत्तर त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी लांब सुस्कारा सोडला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिला न्हाय जमायचं."

"काय न्हाय जमायचं?" संयोगिता कडाडली, अगदी बापासारखी. तिनं ओढणी कंबरेला गच्च बांधली, चपला गाडीखाली भिरकावल्या आणि अनवाणी चालत जाऊन नव्या जाळीपुढं उभी राहिली. "घ्या बॉल, पप्पा! हाणा!"

अनुजानं बॉल आणून हंबीररावांच्या पायापाशी ठेवला. मैदानाच्या कडेनं गुंडूअण्णा ओरडले, "हंब्या, नीट मार! मोकळा हाईस!" एवढ्या वर्षांनंतर अण्णा त्यांच्याशी बोलले, ते हे.

हंबीररावांनी खरंच जोरात मारला. संयोगितानं तो पोटाशी धरला आणि त्यासकट मातीत लोळली. उठली तेव्हा तिच्या कपाळाला, केसांना, सगळ्या अंगाला माती लागली होती आणि ती लहान पोरीसारखी हसत होती. हंबीरराव डोळे पुसत जागेवरच खाली बसले.

त्रिशलाबाई मात्र गुपचूप घरी गेल्या. हंबीररावांना 'न्हाय जमायचं' म्हणताना त्यांना निदान शंका तरी होती. संयोगिताच्या बाबतीत मुळीच नव्हती. कैरीनंतरचं त्यांचं हे पहिलं खोटं, आणि तेही चक्क, डोळ्यांत डोळे घालून बोललेलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास धरला. दुपारी कक्षात संयोगिता आली, क्लबमध्ये माजी विद्यार्थिनींना सराव करता येतो का म्हणून विचारत. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"एक तरी घ्या की, मॅडम."

"उपास हाय गं," बाई म्हणाल्या.

"कसला?"

बाईंनी पुडा उचलला आणि पिशवीत ठेवला. "उद्या खातो," त्या म्हणाल्या.